चीनचे गोदाम कोणी मोजायचे?

चीनमध्ये वर्षानुवर्षे काढून आलेला एखादा ज्येष्ठ पत्रकार व्याख्यानाला उभा राहिला की श्रोत्यांचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. युद्ध होईल का? शी जिनपिंग यांच्यानंतर कोण? चीन आपल्या किती पुढे गेला? अशी काही व्याख्याने मी आवडीने ऐकली आहेत. वक्ते अभ्यासू असतात, सांगतात तेही मोलाचे असते. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हे सारे आपण पाहिलेत खरे, पण ते आपल्याला दाखवले कोणी? आणि याच्या उलट सांगणारा माणूस आपल्याला भेटू शकला असता का?

हा प्रश्न मला बँकेच्या नोकरीने शिकवला. तारण ठेवलेल्या मालाच्या तपासणीला आम्ही जात असू. मालक चहापाणी करी, गोदाम उघडून दाखवी. पोत्यांच्या थप्प्या छताला भिडलेल्या असत. पुढे कधीतरी कळे, की त्यांतली निम्मी पोती शेजारच्या अडत्याकडून एका रात्रीपुरती आणलेली होती. म्हणून मुरलेले अधिकारी मालकाशी गोड बोलत, पण दोन शब्द हमालाशीही बोलून घेत. अर्थात हमालाला बोलायची भीती नसेल, तरच त्या तपासणीला अर्थ.

मुंबईच्या दोन संपादकांचे उदाहरण पाहा. 'ब्लिट्झ'चे रुसी करंजिया १९५१ मध्ये आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे फ्रँक मोराईस १९५२ मध्ये शिष्टमंडळांबरोबर चीनला गेले. देश तोच, मध्ये जेमतेम वर्षाचे अंतर. दोघांनीही परतल्यावर पुस्तके लिहिली. करंजिया भारावून आले, मोराईस शंका घेऊन आले. कोणाचे खरे, हे पडताळण्याचे साधन इथल्या वाचकाकडे नव्हते. ज्याची जशी राजकीय आवड, त्याने तसा निवाडा केला असणार.

पुढे १९५८ मध्ये माओंची 'मोठी झेप' सुरू झाली आणि विक्रमी पिकाची चढाओढ लागली. त्या ऑगस्टमध्ये पक्षाच्या 'पीपल्स डेली'मध्ये एक छायाचित्र आले. शेतातल्या उभ्या भातावर चार मुले उभी आहेत आणि पीक एवढे दाट, की ती खाली जात नाहीत! अनेक शेतांतले तयार पीक उपटून एकाच शेतात रोवायचे आणि ते पाहुण्यांना दाखवायचे, हा प्रकार जागोजागी चालला होता. गोदाम भरून दाखवण्याचीच ही युक्ती. मात्र इथे तिची किंमत भुकेने चुकवावी लागली. कागदावर पीक वाढले म्हणून सरकारी वसुलीही वाढली, आणि वसुली झाल्यावर पिकवणाऱ्याच्या घरात दाणा उरला नाही. १९५९ मध्ये खेड्यांत माणसे उपासमारीने मरत असताना चीनने ४० लाख टनांहून अधिक धान्य निर्यात केले. त्या तीन-चार वर्षांतल्या बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

मग जगाला हे कळले कसे नाही? एडगर स्नो काही नवखे नव्हते. १९३६ मध्ये माओंच्या दीर्घ मुलाखती घेऊन त्यांना जगापुढे आणणारे तेच. १९६० मध्ये ते पुन्हा चीनला गेले, काही महिने फिरले आणि दुष्काळ नाही असे लिहून बसले. त्यांच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. त्यांना भेटलेला कोणताही हमाल खरे बोलण्याच्या स्थितीत नव्हता, एवढेच.

परक्याचे सोडा, यांग जिशेंग तर चीनचेच. पुढे शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेत त्यांनी हयात घालवली. १९५९ मध्ये त्यांचे वडील उपासमारीने गेले, तेव्हा हे आपल्या घरचे दुर्दैव, असेच तरुण यांग यांना वाटले. इतर प्रांतांतही हेच चालले आहे, हे कळायला वाटच नव्हती. अनेक वर्षांनी त्यांनी प्रांतोप्रांतीची दप्तरे धुंडाळली आणि २००८ मध्ये हाँगकाँगमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचा आकडा आहे ३ कोटी ६० लाख. चीनच्या मुख्य भूमीत त्या पुस्तकाला बंदी घालण्यात आली.

याच्याशेजारी आपला १९७२ चा दुष्काळ ठेवून पाहा. मी तेव्हा शाळेत होतो. खडी फोडणारे बाप्ये-बाया, सुकडीची रांग, मिलोच्या भाकरी हे सारे माझ्या पिढीने पाहिले आहे. जनावरे गेली, माणसे गाव सोडून शहरांकडे गेली. हाल थोडे झाले असे कोणी म्हणू नये. पण वर्तमानपत्रे लिहीत होती, विधानसभेत प्रश्न उठत होते, मोर्चे निघत होते. 'सर्व ठीक आहे' म्हणण्याची सोय सरकारला राहिली नव्हती. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. आरोग्य आणि शिक्षणात चीन आपल्या पुढे होता, हे अमर्त्य सेन मोकळेपणाने सांगतात. मात्र दुष्काळात माणूस जगला, याचे श्रेय ते बोलू शकणाऱ्या विरोधकांना आणि वृत्तपत्रांना देतात.

हा जुना इतिहास आहे, असे समजू नका. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान धारातीर्थी पडले. चीनने आपले चार मृत मान्य केले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. त्या आकड्यावर शंका घेणाऱ्या एका चिनी लेखकाला आठ महिन्यांची कैद झाली. २०२३ मध्ये परराष्ट्रमंत्री चिन गांग महिनाभर दिसेनासे झाले आणि मग पदावरून गेले. कोणाचे नाव बातमीत नाही, कोण छायाचित्रात नाही, यावरूनच तिथल्या बातमीदाराला तर्क करावा लागतो. त्यात त्याच वर्षी भारत आणि चीनने एकमेकांच्या पत्रकारांचे व्हिसा अडवले आणि बीजिंगमधले आपले बातमीदार एकेक करून परतले. २०२५ च्या जानेवारीत माध्यमांचा संपर्क वाढवण्याचे ठरले, हे बरे झाले. शेजाऱ्याकडे पाहणारा डोळा मिटून घेण्यात कसलाही पराक्रम नाही.

सेनगावच्या शेतकऱ्याला याचे काय, असे कोणी विचारील. पीक कागदावर किती आणि शिवारात किती, हा प्रश्न त्याला नवा नाही. खरिपाची पैसेवारी ५० पैशांच्या वर लागली की दुष्काळी सवलती दुरावतात, हे त्याच्या घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तो आकडा चुकला असेल तर तसे म्हणता येते का, तालुक्याच्या वार्ताहराला ते छापता येते का, यावर त्याचे वर्ष ठरते. आणीबाणीच्या २१ महिन्यांत आपणही ती वाट बंद झालेली पाहिली आहे.

तेव्हा चीनवरच्या व्याख्यानाला जरूर जावे, वक्त्याला तो न विचारला जाणारा प्रश्नही विचारावा. बीजिंगचा बातमीदार आणि सेनगावचा वार्ताहर यांचे काम एकच आहे. दोघांनाही मालकापलीकडे जाऊन हमालाशी बोलायचे असते. तो हमाल आपल्या गावात न भिता बोलतो आहे ना, एवढे मात्र आपल्यालाच पाहावे लागेल.