खिशातला कागद आणि त्याचा जोडीदार

ऑक्टोबर २०१४ मध्ये सियाचिन हिमनदीवर आपल्या जवानांना बर्फात एक देह सापडला. खिशात घरून आलेलं पत्र होतं आणि एक वैद्यकीय प्रमाणपत्र. त्या कागदांवरून नाव निघालं: महाराष्ट्राचे हवालदार टी. व्ही. पाटील. फेब्रुवारी १९९३ मध्ये ते बर्फाच्या भेगेत पडले होते. बर्फाने एकवीस वर्षं देह सांभाळला आणि त्याच्यासोबत ते पत्रही.

ग्लेशियरवर ड्यूटी केलेल्यांना अशा घटना नव्या नाहीत. १९ कुमाऊंचे लान्स नायक चंद्रशेखर हरबोला मे १९८४ मध्ये, ऑपरेशन मेघदूतच्या पहिल्याच उन्हाळ्यात, हिमस्खलनात गेले. त्यांचे अवशेष मिळाले ऑगस्ट २०२२ मध्ये, अडतीस वर्षांनी. ओळख पटली ती आर्मी नंबर कोरलेल्या धातूच्या बिल्ल्यावरून. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ विमान १०२ जणांसह रोहतांगच्या परिसरात नाहीसं झालं. २००३ मध्ये गिर्यारोहकांना त्याचा माग लागला आणि त्यानंतर डोंगर एकेक माणूस परत देतो आहे. २०२४ मध्ये आणखी चार देह मिळाले. त्यातल्या शिपाई नारायण सिंह यांचं नाव सांगितलं खिशातल्या पेबुकाने, छप्पन्न वर्षांनी.

या बातम्या आल्या की आपण बर्फाचं आणि दैवाचं आश्चर्य करतो. मला आश्चर्य वाटतं ते रेकॉर्ड ऑफिसचं. बिल्ल्यावरचा नंबर म्हणजे काही आकडे. ते आकडे कुणाचे, त्याचं गाव कोणतं, घरी कोण, हे सांगणारी नोंद अडतीस वर्षं कुठल्या तरी कपाटात जपली गेली, म्हणून त्या आकड्यांचा माणूस झाला. बर्फातल्या वस्तूला कपाटात जोडीदार होता. ओळख पटते ती या दोघांची भेट झाली की. नुसत्या वस्तूला काहीच सांगता येत नाही.

हे सगळं आज लिहायला कारण झालं एका छोट्या जाहिरातीचं. सध्या माझं पोस्टिंग बेंगळुरूला आहे आणि राहायला मल्लेश्वरममध्ये भाड्याचं घर आहे. शेजारी बेळगावकडचे एक निवृत्त सुभेदार राहतात, मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्यांचं कन्नड आणि मराठी सारखंच चांगलं. रविवारी सकाळी ते कन्नड पेपर वाचतात आणि मला त्यातलं काहीबाही सांगतात. परवा त्यांनी पोलिसांची जाहिरात वाचून दाखवली. रेल्वेरुळालगत सापडलेला अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचेचाळीस, उंची अमुक, क्रीम रंगाचा शर्ट, कॉलरला हिंदी अक्षरांची शिंप्याची पट्टी.

सुभेदारसाहेब थांबले. म्हणाले, “साहेब, हिंदी कशावरून? मराठीही असेल की.”

मुद्दा बिनतोड होता. जाहिरातीत पट्टी होती, पट्टीवरची अक्षरं नव्हती. आम्ही दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि तासाभरात पट्टीचा फोटो पाठवला. अर्धी अक्षरं धुवून गेलेली. ‘टेलर्स’ एवढं स्पष्ट, खालच्या ओळीत ‘उद’ आणि पुढे काही नाही. उदगीर असेल, उदयपूरही असेल. सुभेदारसाहेबांनी उदगीरच्या एका माजी सैनिकाला फोटो पाठवला, मी राजस्थानातल्या एका कोर्समेटला. त्या शर्टाच्या माणसाला अजून नाव मिळालेलं नाही.

आता त्याच्या घरच्यांचा विचार करा. तो लातूर जिल्ह्यातला असेल, तर त्याची बायको कन्नड पेपर कुठून वाचणार? तिने आपल्या गावाजवळच्या ठाण्यात तो हरवल्याची तक्रार दिली असेल. इथे मुद्देमालाच्या खोलीत त्याचा शर्ट आहे, तिथे नोंदवहीत त्याचं नाव आहे. मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये एक भाषा बदलते आणि दोन अर्धुकं एकमेकांना कधीच भेटत नाहीत. सैन्यात जे अडतीस वर्षांनी जमतं, ते शहरात आठवड्याभरात जमू नये?

सैन्यालाही हे शहाणपण रक्त सांडून आलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैनिकाच्या गळ्यात एकच ओळखबिल्ला असे. सैनिक पडला की मृत्यूची नोंद करण्यासाठी तो बिल्ला काढून मागे पाठवत. नोंद व्हायची, पण देह बेनाव राहायचा. पुढे तो उकरून दफनभूमीत न्यायची वेळ आली की कुणालाच काही सांगता येत नसे. १९१६ मध्ये दोन बिल्ले आले: लाल गोल बिल्ला नोंदीसाठी काढून न्यायचा आणि हिरवा अष्टकोनी बिल्ला देहासोबत ठेवायचा. एक खूण देहापाशी, एक कचेरीत. साधी गोष्ट, पण ती सुचेपर्यंत हजारो माणसांची नावं मातीत गेली होती.

आणि कचेरीतली यादीच अपुरी राहिली तर काय होतं, हे आपल्या मराठा पलटणींच्या वाट्याला आलं. मेसोपोटेमियात, कूटच्या वेढ्यात, १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या मोहिमेत ज्यांना कबर मिळाली नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक उभारलं गेलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीनुसार नुसता आकडा लिहिला. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने आपल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला.

मराठी माणसाला या विषयाचा सर्वांत जुना आणि दुखरा दाखला पानिपतावर सापडतो. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी सदाशिवरावभाऊ कुठे पडले, हे कुणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. शुजाउद्दौल्याच्या नोकरीत असलेला काशीराज पंडित त्या वेळी तिथे होता. त्याने लिहून ठेवलं आहे की रणात एक शीर नसलेला देह सापडला आणि त्याच्यापाशी तीन मोती होते. मोत्यांवरून हा कुणी मोठा माणूस, एवढं कळलं. भाऊच, असं ठरलं ते भाऊंना ओळखणाऱ्यांनी अंगावरच्या खुणा तपासल्यावर. पाठीवरचा वार जुना होता, पूर्वी मुजफ्फरखानाच्या हल्ल्यात झालेला.

म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीसुद्धा पद्धत तीच होती. वस्तूने दिशा दाखवली, शरीराच्या खुणेने दुजोरा दिला आणि ती खूण माहीत असणारी माणसं हजर होती. तरीही ही ओळख पुण्यापर्यंत धड पोचली नाही. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. मीच भाऊ म्हणणारा तोतया उभा राहिला, त्याला माणसं मिळाली, किल्ले मिळाले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत पेशवाईला त्याने घोर लावला. एका देहाची ओळख पक्की न झाल्याची किंमत राज्याने पंधरा वर्षं मोजली आणि एका बाईने आयुष्यभर.

ही किंमत आजही घराघरांत मोजली जाते. देह मिळाला नाही की पालाशविधी करून प्रेताशिवाय संस्कार उरकता येतात, शास्त्राने तेवढी सोय केली आहे. कायद्याची सोय मात्र लांबची. सात वर्षं खबर नसेल तरच माणूस मेला असं गृहीत धरता येतं. तोवर सातबाऱ्यावर वारसनोंद अडते, बँकेतले पैसे अडतात, विम्याचा दावा अडतो, मुलीचं लग्न अडतं. बायकोने कुंकू लावायचं की नाही, यावर तिला सोडून सगळं गाव बोलतं.

वस्तूंवर आंधळा विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. उलट वस्तू किती सफाईने खोटं बोलतात, हे फौजी माणसाला शिकवावं लागत नाही. १९४३ मध्ये ब्रिटिशांनी ग्लिंडर मायकल नावाच्या एका गरीब मृताला रॉयल मरीन्सचा मेजर मार्टिन बनवलं. खिशात नाटकाच्या तिकिटांचे तुकडे, बँकेचं तगाद्याचं पत्र, प्रेयसीचा फोटो आणि हाताशी बनावट लष्करी पत्रांची बॅग असा सगळा सरंजाम देऊन त्याला स्पेनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सोडलं. जर्मन फसले. त्या माणसाच्या थडग्यावर त्याचं खरं नाव चढायला १९९८ उजाडलं. रोजच्या जगात कुणी मुद्दाम फसवत नसलं, तरी शर्ट उसना असतो, मोबाइल चोरीचा असतो, पाकीट शेजारच्याचं असतं. म्हणून वस्तू ही पहिली साक्ष. निकालासाठी दात, जुनं फ्रॅक्चर, ठसे किंवा डीएनए यांतला दुसरा पुरावा हवाच.

“आता डीएनए आहे, मग पट्ट्या-बिल्ले कशाला?” असं कुणी विचारेल. डीएनएलाही जोडीदार लागतो. २०१३ च्या केदारनाथच्या प्रलयानंतर मृतांचे नमुने हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेले, पण नमुना कुणाशी ताडायचा हे नातेवाइकांनी रक्त दिल्यावरच ठरतं. कोणत्या नातेवाइकांना बोलवायचं, हे बहुतेक वेळा एखादी वस्तूच सांगते. मोबाइल कुलूपबंद असतो. देह कुजला की ठशांचा भरवसा राहत नाही. शिंप्याची पट्टी मात्र तिथेच असते.

एनडीएत दाखल झालो त्या आठवड्यात बनियनपासून बुटापर्यंत प्रत्येक वस्तूवर आम्हाला आपापला अकादमी नंबर टाकायला लावला होता. धोब्याकडे कपडे हरवू नयेत म्हणून हे, असं सांगत. जुन्या काळातले तपास अधिकारी धोब्याच्या खुणेवरूनच कित्येक अनोळखी देहांच्या घरापर्यंत पोचले आहेत. ती विद्या वॉशिंग मशीनने मोडीत काढली, पण तिच्यामागची शिस्त मोडीत काढायचं कारण नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. अनोळखी देहाचा पंचनामा कायद्याने होतोच, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. त्यात वस्तूंची यादीही असते. ती यादी लोकांसमोर नीट यावी. प्रत्येक वस्तूचा फोटो असावा, पट्टी, तिकीट, गोंदण यांवरची अक्षरं जशीच्या तशी उतरवावीत. ‘हिंदी अक्षरं’ हे वर्णन कुणाच्याच कामाचं नाही. अक्षरं ज्या लिपीत असतील, त्या लिपीच्या राज्यांत ती जाहिरात त्या भाषेत जावी. देहाचे अंत्यसंस्कार काही दिवसांत करावे लागतात, हे समजण्यासारखं आहे. पण वस्तू एका लिफाफ्यात मावतात. लिफाफा, डीएनएचा नमुना आणि दफनाची जागा, तिन्हींवर एकच नंबर टाकून तो लिफाफा वर्षानुवर्षं जपावा. पोलिसांवर कामाचा बोजा किती असतो, हे मी जवळून पाहतो. तरीही लिफाफा आणि फोटो यांचा खर्च कोणत्याही ठाण्याला परवडणारा आहे.

दुसरं अर्धुक घरच्यांच्या हातात आहे. माणूस हरवल्याची तक्रार देताना आपण उंची, रंग आणि ‘अंगात निळा शर्ट’ एवढं सांगतो. शर्ट कोणत्या शिंप्याचा, चपलेचा नंबर किती, हात कधी मोडला होता, कोणत्या दाताला चांदी भरली, गळ्यात कोणत्या देवाचा ताईत, हे लिहून द्या. पाठीवरचा जुना वार माहीत असणारं कुणी नसतं, तर तीन मोत्यांवरून भाऊ ओळखता आले नसते.

माजी सैनिकांना एक वेगळी विनंती. महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात आपली माणसं आहेत, बहुतेक ठिकाणी संघटना आहेत, व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहेत. दिवसभर तिथे शुभ सकाळ आणि जुन्या लढायांचे व्हिडिओ फिरतात. कुठल्या परराज्यातल्या अनोळखी देहाची जाहिरात, देवनागरी पट्टीचा फोटो तिथे आला, तर तो पुढे ढकलून मोकळे होऊ नका. गावातल्या शिंप्याला दाखवा. तो आपली पट्टी ओळखतो. कपडा कुणाला शिवून दिला, हेही पुष्कळदा त्याच्या वहीत असतं.