अक्रोडाचा दस्ता, बाभळीचं औत

परदेशात काही हौशी लोक जुन्या धाटणीची रायफल मुद्दाम बनवून घेतात. दस्ता मात्र अक्रोडाचाच हवा! हे लाकूड धक्का सोसतं, सहसा पिळवटत नाही. वरून जवसाच्या तेलाचा हात.

आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच. १९४८ पर्यंत रझाकारांच्या बंदुका पाहिलेल्या मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको.

पण मंडळी, लाकूड ओळखणारे हात आपल्या हिंगोलीकडेही होते. औताला बाभूळच का, हे सुताराला पुस्तकाविना ठाऊक होतं. ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारं आली, ते हात रिकामे झाले. बंदुकीची हौस राहू द्या. नातवंडांना निदान कुऱ्हाडीचा दांडा कसा तासतात, तेवढं तरी दाखवा.