घरचें विवर आणि परदेशचें विवर

परदेशांतील सृष्टिसौंदर्य पाहणें हें श्रीमंतांचें काम, अशी समजूत आपल्या घराघरांतून अजून चांगलीच रुजलेली आहे. आमच्या साखऱ्यासारख्या हिंगोली जिल्ह्यांतील गांवांतून शिक्षणासाठीं पुण्यास आणि तेथून पुढें अमेरिकेस गेलेलीं मुलें आतां अपूर्वाईचीं राहिलीं नाहींत. त्यांचे आईवडील नातवंडाच्या जन्माच्या निमित्तानें तिकडे जातात, पांचसहा महिने राहतात आणि परत येतात. 'काय काय पाहिलेंत?' असें आळींतल्या मंडळींनीं विचारलें, म्हणजे उत्तर बहुधा मुलाचें घर, तेथील देऊळ आणि वाणसामानाचें एक भलें मोठें दुकान एवढ्यावर संपतें. मुलास रजा पुरत नाहीं, आईवडिलांस त्याचा खर्च वाढविण्याचा संकोच वाटतो, आणि दोन्ही पक्ष एकमेकांपाशीं मनांतलें बोलत नाहींत. वय साठीच्या पुढें गेलेलें असतें. एवढा लांबचा प्रवास पुन्हां घडेलच अशी शाश्वती नसते. राहून गेलें तें राहूनच जातें. म्हणून ह्या वेळीं ह्याच विषयाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, घरच्याच माणसानें मोटार चालवून केलेल्या प्रवासांत सृष्टीचें दर्शन बेताच्या खर्चांत होऊं शकतें. मात्र काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये, ह्याचा निर्णय निघण्यापूर्वींच झाला पाहिजे. निवासाचा थाट, उपाहारगृहांतील जेवण, मोटारीचा डौल आणि गर्दीचा हंगाम ह्यांत हवी तेवढी काटकसर करावी. विमा, झोंप आणि दिवसांची संख्या ह्यांत मात्र एका पैचीही करूं नये. पुष्कळ मंडळी नेमकें ह्याच्या उलट करितात, आणि मग प्रवास महागही पडतो व जिवावरही बेततो.

उदाहरणादाखल एकच सहल घेऊं, आणि तिची सुरुवात आपल्या अंगणापासून करूं. लोणारचें सरोवर साखऱ्याहून मोटारीनें एका दिवसांत सुखानें पाहून येण्याजोगें आहे. लवणासुराची आणि त्याचा वध करणाऱ्या दैत्यसूदनाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. शास्त्रज्ञ सांगतात कीं, आकाशांतून आलेल्या एका अशनीच्या आघातानें बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, थरांत हें विवर पडलें. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे. इ. स. १८२३ मध्यें सी. जे. ई. अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. २०२० च्या जून महिन्यांत त्याचें खारें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, आणि खारटपणांत वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा तो परिणाम असल्याचें तपासणीअंतीं ठरलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ह्या सरोवराचा समावेश रामसर पाणथळींच्या यादींत झाला.

ह्याच लोणारचें एक भावंड अमेरिकेंत ॲरिझोना प्रांतांत आहे. त्यास 'मीटिऑर क्रेटर' म्हणतात. तेंही अशनीच्या आघातानेंच झालेलें; वय सुमारें ५०,००० वर्षें; व्यास मात्र १.२ किलोमीटर, म्हणजे आपल्या लोणारपेक्षां लहानच. तें वालुकाश्म व चुनखडीच्या थरांत पडलेलें असून तेथें सरोवर नाहीं, झाडी नाहीं. कोरड्या वाळवंटी हवेमुळें त्याचा कांठ आजही तासून काढल्यासारखा दिसतो. लोणार ज्यानें पाहिलें आहे, त्यास तें विवर पाहतांना दुप्पट आनंद होतो, कारण तुलनेस कांहीं तरी घरचें हाताशीं असतें. म्हणून परदेशीं जाण्यापूर्वीं सर्व कुटुंबानें एका मोटारींत बसून लोणारची सहल करावी, असें आम्ही आवर्जून सुचवितों. ही केवळ मौज नव्हे, ती रंगीत तालीम आहे. वृद्धांस गाडींत सलग किती वेळ बसवतें, मुलांस दर किती वेळानें उतरावें लागतें, कोणास गाडी लागते, डबा किती पुरतो, ह्या सर्व गोष्टी त्या एका दिवसांत कळून येतात.

आतां ॲरिझोनाचा बेत पाहूं. फीनिक्स शहरीं विमानानें उतरून मोटार भाड्यानें घ्यावी. तेथून फ्लॅगस्टाफ सुमारें २३५ किलोमीटर. हें गांव सुमारें ७,००० फुटांच्या उंचीवर, देवदारासारख्या उंच सूचिपर्णी वृक्षांच्या रानांत वसलें आहे. तेथेंच तीन रात्री मुक्काम करावा. एक दिवस ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कांठाचा. अंतर जाण्याचें १३० किलोमीटर. दुसऱ्या दिवशीं उलट दिशेस निघावें: सुमारें ७० किलोमीटरांवर मीटिऑर क्रेटर, आणि त्याच वाटेनें पुढें फ्लॅगस्टाफपासून एकूण १८० किलोमीटरांवर 'पेट्रिफाइड फॉरेस्ट', म्हणजे वीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वीं उन्मळून पडलेल्या आणि कालांतरानें पाषाण झालेल्या वृक्षांचें उद्यान. सर्व मिळून प्रवास सुमारें अकराशें किलोमीटरांचा होतो. तीन ठिकाणीं तीन मुक्काम करण्यापेक्षां एका ठिकाणीं तीन रात्री राहणें स्वस्तही पडतें आणि वृद्धांस रोज सामान बांधण्याचा त्रासही होत नाहीं.

ग्रँड कॅन्यन ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरांहून अधिक खोल आहे. तिच्या कांठीं उभें राहून सूर्यास्त पाहण्यास निराळें तिकीट नाहीं. कांठाकांठानें फिरणारी सरकारी बस फुकट आहे. उद्यानाच्या अधिकाऱ्यांचीं माहितीपर व्याख्यानेंही फुकट असतात. रात्रीं फ्लॅगस्टाफचें आकाश पहावें. तारे नीट दिसावे म्हणून ह्या गांवानें रस्त्यावरील दिव्यांना आळा घातला आहे, आणि २००१ मध्यें जगांतील पहिलें आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय' नगर होण्याचा मान त्यास मिळाला. लहान नातवास सप्तर्षि आणि आकाशगंगा दाखविण्यास याहून चांगली जागा कोणती? आणि त्यास कवडी पडत नाहीं.

पैसे पडतात ते प्रवेशाचे. ग्रँड कॅन्यनचें मूल्य दर खासगी मोटारीस ३५ डॉलर आणि पेट्रिफाइड फॉरेस्टचें २५ डॉलर. दोन्ही सात दिवस चालतें. आंत चार माणसें असोत वा सात असोत, मोटारीचें मूल्य तेंच. म्हणून सात माणसांनीं दोन लहान मोटारी घेण्यापेक्षां एक मोठी घ्यावी. परंतु २०२६ च्या जानेवारीपासून एक नवा नियम आला आहे, तो पाहुण्या आईवडिलांनीं अवश्य ध्यानांत ठेवावा. अमेरिकेंत न राहणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येकास ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी, झायन आदि अकरा प्रसिद्ध उद्यानांत, वार्षिक पास नसल्यास, आणखी १०० डॉलर द्यावे लागतात. अशा परदेशीयांचा वार्षिक पास २५० डॉलरांचा आहे. तेथील रहिवाशांचा ८० डॉलरांचा. गाडींत पाहुणे किती व रहिवासी किती, हें मांडून आणि कोणता पास किती जणांस चालतो हें सरकारी संकेतस्थळावर वाचूनच पैसे भरावे. पेट्रिफाइड फॉरेस्ट त्या अकरांत नाहीं. पूर्वेकडे राहणाऱ्यांनीं ग्रेट स्मोकी पर्वत पहावा. तेथें प्रवेशमूल्यच नाहीं, मोटार उभी करण्याचें दिवसाचें ५ डॉलर शुल्क आहे. नायगाराच्या अमेरिकन बाजूचें उद्यानही पायीं येणारास मोफत आहे. मीटिऑर क्रेटर मात्र खासगी मालकीचें असल्यामुळें तेथें सरकारी पास चालत नाहीं. माणशीं निराळें तिकीट पडतें. ज्या आईवडिलांनीं तेथील नागरिकत्व वा कायम वास्तव्याचा हक्क घेतला असेल, त्यांस बासष्टाव्या वर्षानंतर ८० डॉलरांत आजन्म पास मिळतो.

आतां मोटारीविषयीं. मुलाखेरीज आणखी एकानें, मग ती सून असो वा मुलगी, गाडी चालविण्यास तयार असावें आणि तिचें नांव भाड्याच्या करारांत घालावें. इकडून गेलेला भाऊ वा जांवई चालविणार असेल, तर त्यानें निघण्यापूर्वीं आपल्या परिवहन कार्यालयांतून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढावा; शुल्क १,००० रुपये असून तो एक वर्ष चालतो. मूळ परवानाही बरोबर न्यावा, कारण एकट्या आंतरराष्ट्रीय परवान्यास किंमत नाहीं. तिकडे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालते. चौकांत वळतांना आणि पेट्रोल भरून पुन्हां रस्त्यावर येतांना जुनी संवय उसळी मारते व मनुष्य डावीकडे शिरतो. शेजारीं बसणाऱ्यानें प्रत्येक वळणावर मोठ्यानें 'उजवीकडे' म्हणावें. ह्यांत कमीपणा मुळींच नाहीं. वेगाचे आंकडे मैलांत असतात. एक मैल म्हणजे सुमारें १.६ किलोमीटर. 'स्टॉप' लिहिलेल्या पाटीपाशीं, रस्ता ओसाड दिसला तरी, चाक पूर्ण थांबलेंच पाहिजे. विमानतळावर मोटार घेतल्यास बहुधा अधिक आकार पडतो. शहरांतील कचेरींतून घेतल्यास बचत होते.

जेवणाचा प्रश्न आपल्या गृहिणींनीं केव्हांच सोडविलेला आहे. दशम्या, मेतकूट, भाजणी, चिवडा, तिळाची चटणी ह्या जिनसा चार दिवस टिकतात. मुक्कामाच्या खोलींत शीतपेटी आणि अन्न गरम करण्याची पेटी आहे ना, हें आधीं विचारावें. मग दहीभात आणि वरण घरच्यासारखें होतें. खोलींत फोडणी मात्र करूं नये. धुरानें धोक्याची घंटा वाजते आणि सारें बिऱ्हाड बाहेर पडतें. उद्यानांतून सावलीचीं बांकें व मेजें असतात, तेथें पंगत मांडावी. भारतांतून खाद्यपदार्थ नेतांना जकातीच्या कागदावर ते प्रामाणिकपणें लिहावे. ताजीं फळें व बीबियाणें नेऊंच नयेत.

आतां जेथें हात आखडूं नये त्या गोष्टी. पहिली विमा. पाहुण्या वृद्धांचा वैद्यकीय विमा आणि मोटारीचा, विशेषतः दुसऱ्यास इजा झाल्यास भरपाई देणारा, पुरेसा विमा घेतल्यावांचून चाक हलूं नये. अमेरिकेंतील एका रुग्णालयवासाचा खर्च सबंध घराच्या पुंजीवर पाणी फिरवूं शकतो. त्यापुढें वांचविलेले पन्नास डॉलर ते काय! दुसरी झोंप. साखऱ्यास संध्याकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हां ॲरिझोनांत त्याच दिवशींची सकाळचे सहा वाजण्याची वेळ असते. साडेबारा तासांचा हा उलटफेर शरीरास एका रात्रींत मानवत नाहीं. नुकत्याच भारतांतून उतरलेल्या माणसानें पहिले दोनतीन दिवस सुकाणू हातीं घेऊं नये. रात्रींही गाडी चालवूं नये. तिन्हीसांजेस हरणवर्गांतील मोठीं जनावरें रस्त्यावर येतात. तिसरी गोष्ट दिवसांची संख्या. चार दिवसांचें काम दोन दिवसांत उरकणारास एक रात्रीचें भाडें वांचल्याचें समाधान मिळतें. परंतु दरी त्यानें पाहिलेली नसते, तिच्यापुढें उभें राहून छायाचित्र तेवढें काढलेलें असतें.

शरीराचाही विचार हवा. सात हजार फुटांवर हृदयविकार व दमा असणारांनीं आपल्या वैद्यांस विचारूनच जावें. दरीच्या कांठास सर्वत्र कठडा नाहीं. मुलांचा हात सोडूं नये. फीनिक्सचा उन्हाळा आपल्या मराठवाड्याच्या वैशाखासही मागें टाकतो. म्हणून एप्रिल वा ऑक्टोबर हे महिने बरे. पाणी गरजेपेक्षां दुप्पट घ्यावें.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? ठराविक सहल चालविणाऱ्या मंडळीकडे पैसे भरले कीं झालें. ज्यांचीं मुलें तिकडे नाहींत आणि ज्यांस मोटार चालविण्याची भीति वाटते, त्यांनीं तसेंच करावें. त्यांत गैर कांहीं नाहीं. पण घरच्या मोटारींत एक गोष्ट मिळते, ती तेथें मिळत नाहीं. आजोबांस एखाद्या वळणावर उतरावेंसें वाटलें तर गाडी थांबते. पाठ दुखूं लागली तर अर्धा तास विसांवा मिळतो. आणि एरवीं कामांत गढलेला मुलगा चार दिवस आईशेजारीं बसतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या पण आतां सातासमुद्रांपलीकडे पांगलेल्या घरास हा लाभ लहान नव्हे.

म्हणून आमची विनंति दोन्ही पिढ्यांस आहे. मुलांनीं आईवडिलांच्या येण्याची तारीख ठरवितांनाच चार दिवसांची रजा मागून ठेवावी. आईवडिलांनीं 'तुम्हांला जसें जमेल तसें' हें गुळमुळीत उत्तर न देतां, आपणांस काय पहावयाचें आहे तें एका ठिकाणाचें नांव घेऊन सांगावें. आणि आपल्या वाट्याचा खर्च देण्याची इच्छा व ऐपत असेल, तर तेंही त्याच वेळीं बोलावें. मग घरांतील जो हिशेबांत चोख असेल त्यानें वहींत दोन रकाने पाडावे: एकांत काटकसरीच्या बाबी, दुसऱ्यांत जेथें काटकसर नाहीं त्या बाबी. ती वही सर्वांपुढें एकदां वाचून दाखवावी. एवढें झालें म्हणजे तिकिटें काढण्यास हरकत नाहीं.