बसची वाट

जिंतूर, गंगाखेड, पाथरी, सेलू या गावांहून रोज सकाळी एस.टी.च्या गाड्या परभणीकडे निघतात. त्यांत महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी असतात, बाजाराला निघालेले शेतकरी असतात आणि दवाखान्याची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून बसलेली एखादी म्हातारीही असते. मोकळ्या रस्त्यावर गाडी भराभर अंतर कापते. परंतु शहरात शिरताच तिची गती खुंटते. पुढे मोटारी, बाजूस रिक्षा, मधूनच घुसणाऱ्या दुचाकी! स्थानक हाकेच्या अंतरावर असते आणि गाडी मात्र जागची हलत नाही.

रस्त्यावर प्रत्येक वाहनाचा हक्क सारखाच, असे वरवर पाहता वाटते. परंतु रस्ता वाहनांचा की माणसांचा? एका बसमध्ये सुमारे पन्नास माणसे बसतात. तीच माणसे दोघे-दोघे मोटारींतून निघाली, तर २५ मोटारी लागतील आणि त्या बसच्या कितीतरी पट जागा अडवतील. मग एका मोटारीमागे पन्नास जणांनी खोळंबून राहावे, हा कोठला न्याय?

हाच विचार करून ब्राझील देशातील कुरितिबा या नगराने १९७४ साली रस्त्याचा एक पट्टा केवळ बससाठी राखून ठेवला. अशा पट्ट्याला बसमार्गिका म्हणतात. इतर वाहनांना तेथे मज्जाव असल्यामुळे बस न अडखळता धावते. पुढे जगातील अनेक नगरांनी हा कित्ता गिरवला. महाराष्ट्रात पुण्याने २००६ साली स्वारगेट, कात्रज, हडपसर या भागांत असा प्रयोग आरंभला.

पुण्याचा अनुभव मात्र कडू-गोड आहे. मार्गिका आखल्या गेल्या, पण त्या सलग राहिल्या नाहीत. इतर वाहने त्यांत शिरू लागली. २०२३ साली नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग तर काढूनच टाकण्यात आला. यावरून ही कल्पनाच फोल आहे, असे काही जण म्हणतात. परंतु रांजण गळका निघाला, म्हणून कोणी पाण्याला दोष देत नाही.

परभणीचे रस्ते पुण्याइतके रुंद नाहीत. तेथे सर्वत्र मार्गिका आखता येणार नाही, हे खरे. दुकानदारांची अडचणही खोटी नाही. तथापि स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जेथे रुंदी पुरेल तेथे, निदान सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी एक पट्टा बससाठी मोकळा ठेवणे काही अशक्य नाही. त्यासाठी मोठा खर्चही नको. रस्त्यावर ठळक रेघ हवी, तिच्यावर देखरेख हवी आणि ती रेघ न ओलांडण्याची नागरिकांची तयारी हवी.

ही शेवटची गोष्टच सर्वांत अवघड आहे. रिकामी मार्गिका दिसताच तीत शिरण्याचा मोह कोणालाही होतो. पण एक दुचाकी शिरली की तिच्यामागे दहा शिरतात आणि बस पुन्हा अडकते. मोह आवरणाऱ्याला चार मिनिटे उशीर होईल, इतकेच. बसमधल्या त्या म्हातारीला मात्र, दवाखान्याची वेळ संपण्यापूर्वी, डॉक्टर भेटतील.