पाणीपुरी तोंडात मावेना, तेव्हा…

गेल्या दिवाळीनंतर सिल्वासाला मामेबहिणीकडे चार दिवस राहून आले. दादरा-नगर हवेलीचं हे गाव आपल्या जुन्या वाचकांना परकं नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी ते पोर्तुगिजांच्या ताब्यातून सोडवणाऱ्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरेही होते. आता तिथे धाग्याचे आणि प्लॅस्टिकचे कारखाने आहेत. बहिणीचे यजमान अशाच एका कारखान्यात पाळीवर जातात. मूळचे निपाणीकडचे. आईशी कानडी, बायकोशी मराठी आणि कारखान्यात हिंदी-गुजराती, असा त्यांचा दिवस.

एका संध्याकाळी बहिणीने पाणीपुरीचा बेत केला. मुलं एकामागून एक पुऱ्या गट्ट करत होती. भावजी मात्र पुरी वाटीत चुरून चमच्याने खात होते. मग आठवलं, सकाळी पोळीही ते आमटीत भिजवून, बारीक तुकडे करून खात होते. विचारलं, तर हसून म्हणाले, "तिखट झोंबतं हो, ताई." त्यांच्या आईनेच पुढे सांगितलं, "बायाग हुण्णु आगेद. उष्णता झाली असेल. तूप लावतोय की." किती दिवस झाले? कुणालाच नक्की सांगता येईना. गणपतीच्या आधीपासून, एवढं मात्र बहिणीला आठवलं.

वाचकहो, इथेच आपण फसतो. तोंडातला कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून घरात कुणी तो मनावर घेत नाही. भारतातल्या पुरुषांत आज सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. पण तोंड हा असा अवयव आहे, की आरसा आणि उजेड असला तर आपला आपल्याला तपासता येतो.

महिन्यातून एकदा चूळ भरून आरशासमोर उभे राहा. ओठ उलटून पाहा, दोन्ही गालांची आतली बाजू पाहा. जीभ बाहेर काढून तिच्या कडा, मग जीभ उचलून तिच्याखालची जागा आणि शेवटी टाळू. मानेवरून बोटं फिरवून गाठ लागते का बघा. काय शोधायचं? दोन आठवड्यांत न भरलेला व्रण. पुसून न जाणारा पांढरा चट्टा. मखमलीसारखा लाल चट्टा तर त्याहून धोक्याचा. कारण नसताना हलू लागलेला दात, दात काढल्यावर न भरणारी जखम, जिभेला किंवा ओठाला बधिरपणा, गिळताना अडकणं, एकाच कानात टिकून राहिलेली कळ. आणि तोंड कमी उघडणं. आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, ते पाहा.

भावजींची दोन बोटं जेमतेम गेली. गालाच्या आत कडक दोऱ्या हाताला लागत होत्या. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं तोंडात ठेवलेल्या पुडीची ही देणगी. "मी तंबाखू सोडून वर्ष झालं, आता नुसती सुपारीच खातो," ते म्हणाले. पण गालाच्या या दोऱ्या सुपारीनेच तयार होतात. नुसती सुपारीही कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं आहे. आपल्या घरांतली एले-अडिकेची तबकं आणि आजीबाईंची मशेरी यांनाही हे लागू आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गालातल्या पांढऱ्या चट्ट्याचा लहानसा तुकडा तपासायला पाठवला. तो अहवाल येईपर्यंत बहिणीने घरात कुणाला गोडधोड करू दिलं नाही. कर्करोग नव्हता, पण त्याच्या उंबरठ्यावरची अवस्था होती. आता सुपारी पूर्ण बंद, तोंडाचे व्यायाम आणि ठरल्या तारखेला तपासणी.

नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणीही जीव वाचवते. केरळात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले या रोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. तिशी ओलांडलेल्यांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. व्यसन सोडायला मदत हवी, तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

परवा बहिणीचा फोन आला. सासूबाई आता दर महिन्याच्या एक तारखेला बॅटरी घेऊन लेकासमोर बसतात आणि म्हणतात, "बायि तेगी!" तुमच्या घरी ही बॅटरी कोण हातात घेणार, ते आज जेवताना ठरवा. आणि पानात कोण पोळी भिजवून खातंय, तेही जरा बघा.