बोट्याचा धक्का आणि तुर्कस्तानचा भूकंप

संगमनेर तालुक्यातल्या बोटा-घारगाव पट्ट्यात 2018पासून मधूनमधून जमीन हादरते. आधी गूढ आवाज, मग मांडणीवरची भांडी खणखणतात आणि माणसं पोराबाळांना घेऊन अंगणात येतात. नाशिकच्या 'मेरी' या अभियांत्रिकी संशोधन संस्थेतल्या भूकंपमापक यंत्रावर नोंद होते, ती सौम्य धक्क्याची. पाठोपाठ मोबाइलवर फिरू लागतं : परवा अमक्या देशात मोठा भूकंप झाला, त्याचीच ही धग.

जरा हिशेब मांडू. जगात 7 रिश्टरचे किंवा त्याहून मोठे भूकंप वर्षाला सरासरी 15 होतात. म्हणजे बोट्याच्या कुठल्याही धक्क्याआधीच्या आठवड्यात असा एखादा भूकंप झालेला असण्याची शक्यता, निव्वळ योगायोगानेही, चारात एक. 6 रिश्टरपर्यंत खाली उतरलात, तर दर दोन-तीन दिवसांना एक. मग कारण हमखास सापडणारच!

दूरचा संबंध कधीच नसतो असं मात्र नाही. 11 एप्रिल 2012ला सुमात्राजवळ 8.6चा भूकंप झाला. त्यानंतरचे सहा दिवस जगभर साडेपाचच्या वरचे धक्के नेहमीच्या कितीतरी पट वाढले. पण इतर महाभूकंपांनंतर सहसा तसं दिसलेलं नाही. शिवाय वेळ महत्त्वाची. 6 फेब्रुवारी 2023च्या तुर्कस्तानातल्या भूकंपाच्या पृष्ठलहरी सुमारे 4,000 किलोमीटर कापून इथवर यायला वीसेक मिनिटं पुरतात. बोट्याच्या जमिनीला त्यांनी डिवचलं का, हे आधी पुढच्या काही तासांच्या नोंदीत शोधायला हवं. दहा दिवसांनी बसलेला धक्का त्यांच्या माथी मारणं सोपं, सिद्ध करणं फार अवघड.

आपल्याकडे खरा संबंध हाती लागला तो कोयनेत. जलाशयाची पातळी आणि धक्क्यांची संख्या यांचं नातं दिसलं, कारण 1967च्या भूकंपानंतर तिथे दशकानुदशकं नोंदी झाल्या. किल्लारीतही 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपाच्या आधी वर्षभरापासून धक्के जाणवत होते. म्हणून बोट्याच्या लोकांची भीती मला अजिबात अनाठायी वाटत नाही. उलट, तुर्कस्तानकडे बोट दाखवून तिची बोळवण होते याचंच वाईट वाटतं.

धक्क्याचं ठिकाण आणि खोली नेमकी कळायला आसपास निदान तीन-चार यंत्रं लागतात. ती या पट्ट्यात बसवावीत, त्यांच्या नोंदी सगळ्यांना पाहता याव्यात. तोवर ग्रामपंचायतीने एक वही ठेवावी : तारीख, घड्याळातली वेळ, आवाज आला का, किती सेकंद हादरलं, तेव्हा मुळा नदीला पाणी किती होतं. आणि शांत गेलेले दिवसही त्यात लिहावेत. त्यांच्याशिवाय तुलना कशाशी करणार?