वस्ताद कुठे आहे?

ओपन जिमवर हसणे फार सोपे आहे. सुट्टीवरून परतल्यावर आपल्या हाउसमध्ये हा विषय निघतोच. कोणी सांगतो, आमच्याकडे एक काका एअर वॉकरवर झुलत पेपर वाचतात. कोणी सांगतो, लेग प्रेसच्या सीटवर लोक डबा खातात. माझे वडील कोलकात्याला पोस्टिंगवर आहेत, त्यामुळे माझ्या वाट्याला बंगाली काका आले. डिसेंबरात, पुण्याच्या माणसाला स्वेटरही लागणार नाही अशा हवेत, तिघे जण माकडटोप्या घालून तीन यंत्रांवर पाय हलवत असतात आणि अर्धा तास मोहन बागान की ईस्ट बंगाल यावर वाद चालतो. बंगालीत याला अड्डा म्हणतात. त्यात व्यायाम किती होतो ते देव जाणे. तरीही माझे मत असे आहे की या काकांची काही चूक नाही. चूक आहे ती यंत्रे निवडणाऱ्यांची आणि तिथे माणूस न ठेवणाऱ्यांची.

यंत्रे नेमके काय करतात ते आधी पाहू. एअर वॉकर म्हणजे दोन लंबक. एकदा झोका मिळाला की पाय आपोआप मागेपुढे जातात, त्यांना रोखणारे वजनच नाही. सांधे मोकळे होतात, पण ताकद वाढत नाही. चेस्ट प्रेसमध्ये आपण दांडा ढकलतो तेव्हा आपलीच सीट वर उचलली जाते, म्हणजे भार आपल्याच वजनाचा. तो वाढवायचा तर स्वतःचे वजन वाढवावे लागेल. कोलकात्यातल्या मिठाईच्या दुकानांमुळे ते अवघड नाही, पण याला ट्रेनिंग म्हणता येणार नाही! म्हणून आपल्यासारख्या मुलांना ही यंत्रे खेळणी वाटतात. ती आपल्यासाठी नाहीतच, हे कोणी लक्षात घेत नाही.

ती कोणासाठी आहेत, हे मला आजीमुळे कळले. आजी साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिचा उजवा खांदा जखडलेला होता. वेणी घालता येत नव्हती. आमच्या घराजवळच्या पार्कात खांद्यासाठी फिरवायचे मोठे चाक आहे. तसेच चाक फिजिओथेरपीच्या खोलीतही असते. पण आजीने पहिल्या दिवशी ते स्टिअरिंगसारखे दोन्ही हातांनी गरागरा फिरवले आणि दुसऱ्या दिवशी तिचा खांदा जास्त दुखला. यंत्राशेजारी पाटी होती, तिच्यावर लाल रंगवलेल्या स्नायूंचे चित्रही होते. त्यावरून आजीला काय कळणार? पुढे तिथे येणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंनी तिला चाकाकडे कड करून उभे केले, एकच हात मुठीवर ठेवायला लावला आणि दुखेल त्याच्या अलीकडे थांबायला सांगितले. त्यांना मराठी येत नाही, आजीला बंगाली येत नाही. हे शिक्षण खुणांनी झाले. डॉक्टरांचे उपचार चालू होतेच, पण आता आजी वेणी घालते. शिवाय तिला बोलायला माणसे मिळाली. एरवी ती गणपतीत हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गेली तरच घराबाहेर कोणाशी पोटभर बोलायची.

चाक तेच होते. पहिल्या दिवशी त्याने खांदा दुखवला, नंतर बरा व्हायला मदत केली. फरक फक्त शिकवणाऱ्या माणसाचा.

आता दुसरी बाजू. कोलकात्याचे मैदान सैन्याच्या ताब्यात आहे. शेजारच्या फोर्ट विल्यमचे नाव आता विजय दुर्ग झाले आहे, हे आपल्या सिंधुदुर्गातल्या मुलांना आवडेल. त्या मैदानावर पहाटे भरतीची तयारी करणारी मुले धावतात. अग्निवीर भरतीच्या शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटर धावणे असते, ९ फुटी खड्डा असतो, झिगझॅग बॅलन्स असतो आणि बीम असतो. बीमवर १० पुल-अप्स काढले तर पूर्ण ४० गुण, ६ पेक्षा कमी निघाले तर नापास. धावायला मैदान आहे, उडी मारायला खड्डा खणता येतो, पण लटकायला काय? फुटबॉलच्या गोलपोस्टचा आडवा बार किंवा झाडाची फांदी. आमच्या पार्कात फिरणारी, झुलणारी, वळणारी सात यंत्रे आहेत आणि साधा बार एकही नाही. बारला बेअरिंग नसते, वंगण लागत नाही, त्यात लहान मुलांची बोटे अडकत नाहीत. कोलकात्याच्या दमट हवेत आणि पावसात सगळ्यात आधी बेअरिंगच जाते. मग यंत्र कुरकुरते, एका बाजूला कलते, आणि शेवटी कोणीतरी त्यावर टॉवेल वाळत घालते.

पार्कात व्यायामाची साधने ठेवण्याची कल्पना नवी नाही. झुरिकमध्ये १९६८ साली जंगलातल्या पायवाटेवर पहिला ‘विटा पार्कूर’ झाला. लोकांनी थोडे पळायचे, थांबायचे, लाकडी दांड्यावर व्यायाम करायचा आणि पुढे जायचे. आपल्या ऑब्स्टॅकल कोर्सची ती शांत बहीणच म्हणायची. चीनने १९९५ साली राष्ट्रीय फिटनेस कार्यक्रम सुरू केला आणि वस्त्यावस्त्यांत यंत्रे बसवली. तिथेही त्यांवर आजीआजोबाच जास्त दिसतात.

पण कोलकात्याला बाहेर पाहण्याची गरज नव्हती. हे आखाड्यांचे शहर आहे. १९०२ साली स्थापन झालेल्या अनुशीलन समितीत लाठी आणि कसरत शिकवली जायची आणि त्याच तालमीतून क्रांतिकारक तयार झाले. इथल्या गोबर गुहांनी १९२१ साली सॅन फ्रान्सिस्कोत कुस्तीचे जागतिक विजेतेपद मिळवले. जेमतेम ४ फूट ११ इंच उंचीचे मनोहर आईच ब्रिटिशांच्या तुरुंगात साधनांशिवाय व्यायाम करत राहिले आणि १९५२ साली आपल्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले. आखाड्यात माती आणि मुद्गल याखेरीज फारसे काही नसे, पण गुरू असे. आपल्याकडे तालमीत वस्ताद असतो. आपल्या पीटी ग्राउंडवर त्यालाच उस्ताद म्हणतात. शब्द एकच आहे. पार्कात सगळे आहे, तेवढा तो नाही.

कोणी म्हणेल, पार्कात पगारी माणूस ठेवायला पैसे कुठून आणायचे? माझ्या मते एखादे यंत्र कमी बसवले तरी चालेल. आपले जवान तरुण वयातच निवृत्त होतात. त्यांत पीटी शिकवलेले कितीतरी असतात आणि ते प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्यातल्या एकाने सकाळी ६ ते ८ पार्कात उभे राहायचे, एवढेच काम. दुसरा आक्षेप माझ्या वडिलांचा आहे: लोक ऐकणार नाहीत. सगळे ऐकणार नाहीत, हे मलाही मान्य आहे. ते तीन काका तर नक्कीच नाहीत. पण जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. अड्ड्यासाठी का होईना, हे तिघे रोज चालत येतात, अर्धा तास पाय हलवतात आणि चालत घरी जातात. त्यांना हलवायचे कशाला? उस्तादाने त्यांना फक्त पाठ सरळ ठेवायला सांगावे आणि भरतीच्या मुलांकडे वळावे.

त्या मुलांसाठी बार मात्र एक नको, तीन हवेत, वेगवेगळ्या उंचीचे. सगळ्यात खालचा असा हवा की जमिनीवर पाय टेकूनही आजीला त्याला धरून खांदा ताणता येईल.